वाचून न दाखवलेला अर्ज

गेली एकतीस वर्षं मी तालुक्याच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहितो. नाव गुलाम रसूल. सरकारी भाषेत अर्जनवीस, लोकांच्या भाषेत रसूलभाऊ. एक लाकडी पेटी, कार्बनचे कागद, शाईचा पॅड आणि दुखरी कंबर, एवढं या धंद्यानं मला दिलं. समोरच्या बाकड्यावर हजारो माणसं बसून गेली आणि बहुतेकांचे चेहरे मी विसरलो. ठमाबाईचा चेहरा मात्र विसरता येत नाही. माझ्या हातून तिचं जेवढं वाईट झालं तेवढं दुसऱ्या कुणाचं झालं नसेल, आणि तिच्याएवढी मोठी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आमच्या धंद्यात एक नेम आहे. अर्ज लिहून झाला की तो अर्जदाराला मोठ्यानं वाचून दाखवायचा. मग त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि खाली आपल्या हातानं लिहायचं, ‘वरील मजकूर वाचून दाखवला, समजला, कबूल केला.’ ज्याला वाचता येत नाही त्याला या एका ओळीशिवाय दुसरा आधार नसतो. माझ्या उस्तादांनी मला अक्षर नंतर शिकवलं, हा नेम आधी शिकवला. आणि मी तो ब्याऐंशीच्या पावसाळ्यात मोडला.

ठमाबाई वडशापासून चार कोसांवरच्या गावची. घर बौद्धांचं, शेती नावापुरती, बाकी धानाच्या रोवणीची मजुरी. आईबाप लवकर गेले तेव्हा धाकटा भाऊ इसरू पाच वर्षांचा होता. त्याला तिनंच वाढवलं. नवरा वारल्यावर ती माहेरीच राहिली आणि भावाचा संसारही तिनंच लावून दिला. इसरू वडशाच्या राइस मिलमध्ये हमाली करायचा. शांत गडी, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याची बायको रुखमा बाळंतपणात अडली. गावात दवाखाना नाही, बैलगाडी गेलेली लग्नाला. इसरू डांबरी सडकेवर जाऊन उभा राहिला. दोन जिपा गेल्या, एकही थांबली नाही. रुखमाही गेली आणि लेकरूही गेलं. त्यानंतर इसरू रोज सकाळी सडकेवर जाऊन उभा राहू लागला. जीप दिसली की दोन्ही हात वर करून आडवा व्हायचा आणि म्हणायचा, “थांबा ना जी, दवाखान्यात जा लागते.” एवढंच. कुणाला मारलं नाही, कुणाला शिवी दिली नाही. ठमाबाई दुपारी भाकर घेऊन जायची, त्याला खाऊ घालायची आणि हाताला धरून घरी आणायची.

अशा दुखण्याला डॉक्टर असतो हे आमच्या भागात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी तो होता कुठं? साऱ्या जिल्ह्याच्या जंगलात शोधला असता तरी सापडला नसता.

पुढच्या पावसाळ्यात चंद्रपूरचा तुकडा तोडून गडचिरोली वेगळा जिल्हा होणार असं ठरलं. त्याच सडकेनं मोठमोठे पाहुणे येणार होते. आमच्या आमदारसाहेबांच्या जीपला इसरू आधी दोनदा आडवा झाला होता. मोटारींची रांग येईल आणि एक वेडा हात वर करून तिला अडवील, या विचारानं साहेबांची झोप उडाली. ठमाबाईच्या गावातला त्यांचा माणूस देवराव एक दिवस तिला घेऊन माझ्यापुढं आला.

“इसरूच्या दवापाण्याचा अर्ज हाय,” देवराव तिच्यादेखत म्हणाला. मग तिला त्यानं झाडापलीकडं सावलीत बसवलं आणि माझ्या कानाशी लागून मजकूर सांगू लागला. ‘माझा भाऊ हिंसक झाला असून माझ्या जिवास त्याच्यापासून धोका आहे. तरी त्यास वेड्यांच्या इस्पितळात कोंडून ठेवावे.’ दोन डॉक्टरांचे दाखले त्याच्या खिशात तयारच होते. त्यांनी इसरूला कधी पाहिलं होतं का, ते अल्ला जाणे.

ठमाबाई सहीला आली. गावच्या विहारात बायांचा साक्षरतेचा वर्ग चालायचा. तिथं ती नुकतीच आपलं नाव लिहायला शिकली होती. मी अंगठ्यासाठी पॅड पुढं केला तर तिनं तो बाजूला सारला आणि पेन मागितलं. मग म्हणाली, “रसूलभाऊ, एक डाव वाचून दाखवा ना.”

देवराव म्हणाला, “साहेब निंगून राह्यले. टाइम नाई.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. आमदाराच्या माणसाशी वाकडं घेऊन कचेरीसमोर बसता येत नाही, असा माझा तेव्हाचा हिशेब. ठमाबाईनं एकेक अक्षर जपून आपलं नाव लिहिलं आणि स्वतःच्या सहीकडं बघून जरा हसली. खाली मी लिहिलं, ‘वाचून दाखवला, समजला, कबूल केला.’

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी इसरूला सडकेवरून उचललं. कोर्टाच्या साहेबांनी त्याला जीपमध्ये बसल्या जागीच पाहिलं आणि हुकूम झाला. तो दूर शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात गेला. नवा जिल्हा झाला, हार पडले, भाषणं झाली आणि सडक मोकळी राहिली.

ठमाबाईला वाटत होतं भाऊ पंधरा दिवसांत बरा होऊन येईल. महिना झाला, दोन झाले, तेव्हा ती एकटीच छोट्या लायनीच्या रेल्वेगाडीनं निघाली. त्याआधी ती ब्रह्मपुरीपलीकडं कधी गेली नव्हती. विचारत विचारत इस्पितळात पोचली. तिथं इसरू तिच्यापासून चार हात लांब उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागं धरून. तिनं डबा पुढं केला तर म्हणाला, “खाली ठेव, बाई.” ती मागं सरकल्यावर त्यानं तो उचलला. तिला वाटलं, इथं असंच उभं राहायला शिकवत असतील.

सहा महिन्यांनी तिथला एक तरुण डॉक्टर तिला म्हणाला, “तुमचा भाऊ आता चांगला आहे. औषध घरी घेता येईल. घेऊन जा.” तिचा आनंद गगनात मावेना. पण कारकून म्हणाला, “ज्याच्या अर्जावरून माणूस आत आला, त्यानं लेखी मागितलं तर आम्ही सोडू. कायदाच तसा आहे. पण हुकमावर अर्जदाराचं नाव नाही. मूळ अर्ज आणा, नाहीतर त्याची नक्कल आणा.”

आता बघा गंमत. मूळ अर्ज चंद्रपूरला मागितला तर म्हणाले, तुमच्या तालुक्याचं दप्तर गडचिरोलीला गेलं. गडचिरोलीत म्हणाले, आलंच नाही. आमदारसाहेबांच्या बंगल्यावर म्हणाले, बघतो. एक माणूस दोन जिल्ह्यांच्या मधल्या फटीत पडला आणि कुणाला त्याचा आवाज येईना. ठमाबाई रोवणी, कापणी, तेंदूपत्त्याचा हंगाम यांतून दिवस काढून या कचेरीतून त्या कचेरीत जात राहिली. पहिल्याच वर्षी तिनं मलाही विचारलं, “रसूलभाऊ, तुमच्यापाशी नक्कल असन ना?”

नक्कल माझ्या पेटीत होती, कार्बनची, स्वच्छ. मी म्हणालो, “जुने कागद वाळवीनं खाल्ले, बाई.” त्या कागदावर माझ्या अक्षरातली खोटी ओळ होती. ती बाहेर आली तर परवाना जाईल, ही भीती. मी भरपाई म्हणून काय केलं, तर तिचे पुढचे सगळे अर्ज फुकट लिहिले आणि दरवेळी दोनदा वाचून दाखवले. चोरानं आपणच फोडलेल्या घराची राखण करावी तसला तो प्रकार. माझी बीवी कनीज हिला हे कळलं तेव्हा ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

पंच्याऐंशीच्या भाद्रपदात ठमाबाई पुन्हा आली. कितवा अर्ज होता कोण जाणे. मी लिहिला आणि वाचायला घेतला तर तिनं कागद माझ्या हातातून काढून घेतला. ओळीखाली बोट धरून, अडखळत, पण पुरता अर्ज तिनं स्वतः वाचला. दिवसभर मजुरी करून ती तीन वर्षं विहारातल्या वर्गात जात होती. मला म्हणाली, “त्या दिवशी मले वाचता येत नव्हतं ना. म्हून हे सारं झालं. आता तुमाले तरास नाई.”

माझ्यावर तिचा संशयसुद्धा नव्हता. सारा दोष ती आपल्या निरक्षरपणावर घालत होती. मी पेटी उघडली आणि तळाची नक्कल काढून तिच्यापुढं ठेवली.

तिनं वाचायला सुरुवात केली. ‘हिंसक’ या शब्दावर बोट थांबलं. तो तिनं तीनदा वाचला. मग ‘माझ्या जिवास धोका’. मग स्वतःचं नाव, आणि खाली माझी ओळ.

“हे मी नव्हतं म्हटलं,” ती हळूच म्हणाली.

“नाई, बाई. म्या लिवलं. वाचून नाई दाखवलं. आन् नक्कल होती माह्यापाशी, तीन वर्सं.”

तिनं मला बोल लावावा, चार लोकांत उभं करावं, असं मला मनापासून वाटत होतं. तिनं कागद घडी करून लुगड्याच्या ओच्यात खोवला. “तुमचं मंग पाहू,” ती म्हणाली. “पयले इसरू घरी आला पायजे. लिवा.”

मी लिहिलं. तिनं वाचलं, सही केली, आणि त्या वेळी मी तिच्याबरोबर शहराला गेलो. नक्कल पाहून कारकुनानं मान हलवली आणि डॉक्टरांनी त्याच दिवशी कागद केले. माझी ती ओळ कुणी वाचलीसुद्धा नाही. जिच्यापायी मी तीन वर्षं थरथरत होतो, तिच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

इसरू घरी आला, पण पुरता आला नाही. गोळ्या वेळेवर घ्यायचा, सांगितलं तेवढं काम करायचा. पण हात पाठीमागंच. झोपायला ओसरीवर, जेवायला बहिणीपासून लांब. विळ्याला, कुऱ्हाडीला हात लावायचा नाही. घरात भाऊ असूनही ठमाबाईला लाकडं शेजाऱ्याकडून फोडून घ्यावी लागायची. तिला वाटे, इस्पितळाची सवय आहे, जाईल हळूहळू. एक गोष्ट मात्र ती त्याला सांगू शकली नव्हती, की त्या अर्जावर सही तिची होती. कचेऱ्यांना न भिणारी ही बाई एवढ्या एका गोष्टीला भीत होती. “त्याले कसं सांगू, रसूलभाऊ?” असं ती मला दोनदा म्हणाली.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. पाळणे, मिठाईची दुकानं, दिवसा दंडारीचा नाच, रात्री नाटक. लेकीबाळी, पाव्हणेरावळे, सगळ्यांनी यायचं. उद्घाटनाला पुढारी लागतोच. त्या वर्षी ठमाबाईच्या गावची मंडई होती, उद्घाटक आमदारसाहेब, आणि मंडई कमिटीचा अध्यक्ष देवराव. ठमाबाईनं मलाही आवतन दिलं होतं. म्हणाली, “पेटी घेऊन या.”

दुपारी तीनला साहेबांचं भाषण संपलं. ठमाबाई मंचापाशी जाऊन उभी राहिली आणि “मले बोलाचं हाय,” म्हणाली. देवराव तिला बाजूला करू लागला. साहेब हसून म्हणाले, “बोलू द्या. आपल्याच भगिनी आहेत.” त्यांना काय ठाऊक.

तिनं ओच्यातून कागद काढला आणि वाचला. माइकसमोर, बोट धरून, सगळा. ‘हिंसक’, ‘जिवास धोका’, ‘कोंडून ठेवावे’. पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. वाचून झाल्यावर तिनं मान वर केली. समोरच्या गर्दीच्या टोकाला चिंचेखाली इसरू बसला होता. तिकडं बघून ती म्हणाली, “सही माही हाय. पण हे बोल माहे नाईत. माहा भाऊ कोणाले मारणारा नाई. म्या कवाच असं म्हटलं नाई.”

मग ती साहेबांकडं वळली. “साहेब, हे बोल कोणाचे हायेत?”

साहेब जुने मुरलेले. म्हणाले, “बाई, सही तुमची, हुकूम कोर्टाचा, कायदा इंग्रजांचा. यात मी कुठं आलो?”

“इंग्रज जाऊन किती वर्सं झाली?”

“अडतीस.”

“मंग अडतीस वर्सं तुमी लोकं तिथी बसून काय करून राह्यले?”

लोक हसले. साहेब हसले नाहीत. कायदा दिल्लीचा आहे, आपल्या हातात नाही, असं काहीतरी ते सांगू लागले.

“मंग दिल्लीले अर्ज करा,” ती म्हणाली. “आमी गरीब लोकं तं सारं अर्जावरच करतो. रसूलभाऊ इथीच हायेत. अर्जदार तुमी.”

मी पेटी घेऊन मंचावर चढलो. पहिलं वाक्य तिनं सांगितलं. ‘आमच्या सोयीसाठी इसरूला सडकेवरून उचलायला लावले.’ साहेबांनी देवरावाकडं पाहिलं. देवराव जमिनीकडं बघत होता. पाच-सहाशे माणसं मंचाकडं सरकून उभी राहिली. शेवटी साहेब हळूच म्हणाले, “लिहा.” त्यांच्या चेहऱ्यावरचं पुढाऱ्याचं हसू गेलं होतं, आणि खरं सांगतो, त्या क्षणी तो माणूस मला पहिल्यांदा बरा वाटला. पुढं तिनं सांगितलं, की माणसाला नेण्याआधी कागद घरच्यांना वाचून दाखवावा, बरा झाल्यावर एक दिवसही जास्त ठेवू नये, आणि अशा दुखण्याचा डॉक्टर तालुक्याला द्यावा म्हणजे न्यायची पाळीच येणार नाही. अर्ज तिनंच साहेबांना वाचून दाखवला. साहेबांनी सही केली. तिनं पेन मागून घेतलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘वाचून दाखवला.’

त्यात मी माझ्याकडून एक ओळ वाढवली, की तीन वर्षांपूर्वीचा अर्ज मी वाचून दाखवला नव्हता, आणि सही केली. परवाना सहा महिने बंद राहिला. मी फार स्वस्तात सुटलो असं मला वाटलं.

त्या अर्जाचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही. सत्त्याऐंशीत दिल्लीत नवा कायदा झाल्याचं पेपरात आलं. तो आमच्या अर्जानं झाला एवढा मी खुळा नाही. आज एकोणनव्वद साल चालू आहे, आणि तो अजून लागू झालेला नाही. तालुक्याला डॉक्टरही आलेला नाही. ठमाबाई बाजाराच्या दिवशी येते आणि विचारते, “लागू झाला का?” मी नाही म्हणतो. मग ती नवा अर्ज लिहायला लावते.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं. गर्दी पांगल्यावर मी तिच्या घरी जेवायला गेलो. इसरू अंगणात उभा होता. ठमाबाई त्याच्यासमोर गेली. तोच आधी बोलला.

“बाई, हा कागद मले माहीत होता. जीपमंधी शिपायानं वाचून दाखवला होता. म्हणे, तुह्या बहिणीनं लिवून देल्लं.”

ठमाबाई मटकन ओट्यावर बसली.

“मले वाटलं, बाई म्हणते तं खरंच असन,” इसरू म्हणाला. “मले समजत नसन, पण माह्या हातून तुले काई होईन. म्हून मी हात मांगं धरून ठेवत होतो.”

तीन वर्षं तो माणूस बहिणीला स्वतःपासून वाचवत होता. त्या साऱ्या प्रकरणात अर्ज एकट्या त्यालाच काय तो वाचून दाखवला होता, आणि त्यानं तो बहिणीचा शब्द म्हणून खरा मानला होता. मी दाराकडं तोंड करून उभा राहिलो. माझ्या वयाच्या माणसानं लोकांच्या अंगणात रडू नये.

ठमाबाई रडली नाही. ती उठली, घरात गेली आणि कुऱ्हाड घेऊन आली. दांडा त्याच्याकडं करून तिनं ती त्याच्यासमोर धरली.

“घे,” ती म्हणाली. “मंडईचे पाव्हणे आले. चुलीले लाकडं नाईत.”

इसरूनं तिच्याकडं पाहिलं. मग एक हात पुढं आला, मग दुसरा. त्यानं कुऱ्हाड घेतली. ती तिथंच, त्याच्यापासून हातभर अंतरावर, त्याच्याकडं पाठ करून अंगणातली चूल पेटवायला बसली आणि तो लाकडं फोडू लागला.